छातीत दुखतंय, रिपोर्ट नॉर्मल आणि प्रत्येक डॉक्टरांचं मत वेगळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. साताऱ्यात राहते, बँकेत नोकरी करते. ४६व्या वर्षी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात छातीत पहिल्यांदा दुखलं. निदान झालं ते पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर. मधल्या चौदा महिन्यांत मला पित्त, स्नायूंचं दुखणं, हृदयविकार, टेन्शन आणि "काहीही नाही" अशी पाच उत्तरं मिळाली. आता ओळखीतून कुणाकुणाचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे.

आत्ता, या क्षणी छातीत दुखतंय. काय करू?

वाचणं थांबवा आणि १०८ला फोन लावा. छातीवर दडपण आल्यासारखं, आवळल्यासारखं दुखत असेल आणि काही मिनिटांत थांबत नसेल, घाम फुटला असेल, धाप लागली असेल, मळमळत असेल, चक्कर येत असेल, कळ जबड्यात, हातात किंवा पाठीत जात असेल, तर पुढचं काहीही महत्त्वाचं नाही. स्कूटरवरून स्वतः दवाखान्यात जाऊ नका. जिना उतरू नका. दाराची कडी काढून ठेवा आणि बसा.

मधुमेह असलेल्यांना, वयस्कर माणसांना आणि बायकांना कित्येकदा छातीत फारसं दुखतच नाही. नुसती धाप, अचानक गळून जाणं किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थ वाटणं, एवढंच होतं. "डावा हात दुखत नाही, म्हणजे हार्ट नाही" हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. ते चूक आहे.

शेजारच्या काकांची सॉर्बिट्रेट, म्हणजे हृदयाच्या दुखण्यावरची गोळी, तुमच्या जिभेखाली ठेवू नका. तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. ॲस्पिरिनची गोळी चावून घ्यायची की नाही, हेही फोनवरच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, कारण काही दुखण्यांत तीच गोळी घात करते. पाठीत फाडल्यासारखी कळ महाधमनीच्या थराला चीर गेल्यानेही येते आणि तिथे रक्त पातळ करून चालत नाही.

इसीजी नॉर्मल आला. म्हणजे हृदय ठीक आहे ना?

नेहमीचा बारा लीडचा इसीजी म्हणजे साधारण दहा सेकंदांची नोंद. त्या दहा सेकंदांत हृदय जसं चाललं, तसं ते पट्टीवर उमटतं. दुखणं पहाटे येऊन गेलं असेल आणि पट्टी सकाळी अकराला काढली असेल, तर ती नॉर्मल येण्यात नवल नाही. माझ्या पहिल्या सात पट्ट्या नॉर्मल होत्या. सातही दुखणं ओसरल्यावर काढलेल्या.

हार्ट ॲटॅकमध्येसुद्धा पहिला इसीजी कधी कधी नॉर्मल येतो. म्हणून चांगल्या इमर्जन्सीत तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन तपासतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण त्याला काही तास लागतात. दुखायला लागून अर्धा तास झालाय आणि ट्रोपोनिन निगेटिव्ह आहे, तर त्यावर विसंबून घरी जायचं नाही. काही तासांनी ते पुन्हा करायचंच, आणि कुणी आपणहून केलं नाही तर विचारायचं.

दुखत असताना काढलेली एक पट्टी ही दुखून गेल्यावर काढलेल्या दहा पट्ट्यांहून मोलाची असते. प्रत्येक पट्टीवर पेनाने लिहून ठेवा: "दुखत होतं" किंवा "थांबलं होतं". तारीख छापलेली असते, ही गोष्ट छापलेली नसते.

माझं वय ३८ आहे. एवढ्यात हार्टचं काय असणार?

असू शकतं. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट या मोठ्या अभ्यासात दिसलं की आपल्या भागातल्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षाच्या आसपास येतो. इतर देशांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. सरासरीच एवढी, म्हणजे चाळिशीच्या आतलेही त्यात असणारच.

एक डॉक्टर म्हणतात पित्त, दुसरे म्हणतात हार्ट, तिसरे म्हणतात काही नाही. खरं कोणाचं?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात, आणि मीही सगळ्यात जास्त इथेच अडकले होते.

आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे मी गेले तेव्हा आदल्या दिवशी महाप्रसाद जेवले होते आणि छातीत जळजळही होत होती. त्यांनी पित्ताची गोळी दिली. दुसऱ्या डॉक्टरांनी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी, केली, ती पॉझिटिव्ह आली, त्यांनी हार्ट सांगितलं. तिसऱ्या ठिकाणी अँजिओग्राफी झाली, नळ्या स्वच्छ निघाल्या, म्हणून त्यांनी "काही नाही" सांगितलं. त्या वेळी मला वाटायचं की यातले दोघं तरी चुकलेत. आज कागद समोर ठेवून पाहते तेव्हा दिसतं की प्रत्येकाने त्याच्या हातातल्या कागदाचं उत्तर बरोबर दिलं होतं. फक्त तिघांच्या हातात वेगवेगळा कागद होता आणि तिघांनाही वेगवेगळा प्रश्न पडला होता. "मोठ्या नळीत ब्लॉकेज आहे का?" या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं होतं आणि ते खरं होतं. "मग हिला पहाटे दुखतं कशाने?" हा प्रश्न त्या दिवशी कुणी विचारलाच नव्हता. मीही नाही.

म्हणून आता मी सगळ्यांना सांगते की मतांची बेरीज-वजाबाकी करू नका. "तीन विरुद्ध एक" असं निदान ठरत नसतं. प्रत्येक डॉक्टरांकडून निघताना एवढंच विचारा: "या तपासणीने नक्की काय नाही हे कळलं? आणि काय अजून असू शकतं?" उत्तर तिथेच, त्यांच्यासमोर, केसपेपरच्या मागे लिहून घ्या. असं विचारल्यावर चांगले डॉक्टर चिडत नाहीत, उलट खुर्चीत थोडे पुढे सरकून बोलायला लागतात. मी हे पाहिलंय.

टीएमटी पॉझिटिव्ह आणि अँजिओग्राफी क्लीन. दोन्ही एकाच वेळी खरं कसं?

टीएमटीत पट्ट्यावर चालवतात. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो आणि इसीजीवर हृदयाला रक्त कमी पडल्याच्या खुणा दिसतात का ते बघतात. बायकांमध्ये ही तपासणी काही दोष नसतानाही पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त असतं. ही एक शक्यता.

दुसरी शक्यता फार कमी वेळा सांगितली जाते. अँजिओग्राफीत हृदयावरच्या मोठ्या रक्तवाहिन्या दिसतात, म्हणजे काही मिलिमीटर रुंदीच्या. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक फांद्या त्यात दिसत नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला प्रत्यक्ष रक्त पोचवण्याचं काम त्या बारीक फांद्याच करतात. त्या नीट पसरल्या नाहीत तर मोठी नळी स्वच्छ असूनही छातीत दुखतं. याला मायक्रोव्हॅस्क्युलर अँजायना म्हणतात.

तिसरी शक्यता अशी की नळीत साचलेलं काही नसतं, पण नळी मधूनच आखडते. हाताला पेटका येतो तसा पेटका. काही मिनिटांनी सुटतो आणि मागे खूण ठेवत नाही. मायरन प्रिंझमेटल या अमेरिकन डॉक्टरांनी १९५९ साली याचं वर्णन केलं: विश्रांती घेत असताना येणारं दुखणं, बहुतेकदा रात्री किंवा पहाटे. अँजिओग्राफी दिवसा, नळी शांत असताना होते. तेव्हा ती स्वच्छच दिसणार.

हे दोन्ही शोधायला अँजिओग्राफीच्या टेबलावरच जास्तीची तपासणी करता येते. ॲडेनोसिन देऊन रक्तप्रवाह किती वाढतो ते मोजतात, ॲसिटिलकोलिन देऊन नळी आखडते का ते बघतात. स्कॉटलंडमधल्या कॉर्मिका नावाच्या अभ्यासात (२०१८) नळ्या मोकळ्या निघालेल्या रुग्णांची अशी तपासणी करून त्यानुसार औषधं दिली, तर त्यांचं दुखणं नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी झालं. आपल्याकडे ही सोय सगळीकडे नाही, मोठ्या शहरांतल्या काही केंद्रांत आहे. पण "क्लीन आहे, जा घरी" आणि "क्लीन आहे, आता बारीक नळ्यांचा आणि पेटक्याचा विचार करू" ही दोन फार वेगळी वाक्यं आहेत. दुसरं वाक्य ऐकायला मिळालं नाही तर ते आपण उच्चारायचं.

सीटी अँजिओ केली तर चालेल का?

दुखणं स्थिर असेल आणि ब्लॉकेज आहे की नाही एवढंच बघायचं असेल, तर स्कॅनने हृदयाच्या नळ्यांची चित्रं काढणारी ही चांगली तपासणी आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१६ मध्ये ती पहिल्या पायरीवर आणली. त्याआधी किडनीचं काम बघायला क्रिॲटिनिन तपासतात, नाडी जलद असेल तर ती कमी करायला गोळी देतात. पेटका आणि बारीक नळ्यांचा दोष मात्र यातही दिसत नाही.

डॉक्टरांना दुखणं नीट सांगता येत नाही. पाच मिनिटांत काय काय सांगू?

आपल्या भाषेत या दुखण्याला किती शब्द आहेत बघा: कळ, चमक, जळजळ, ठणका, दडपण, छाती भरून येणं, आवळणं, टोचणं. हे सगळे शब्द केसपेपरवर "चेस्ट पेन" होऊन बसतात. म्हणून डॉक्टर इंग्रजीत विचारत असले तरी आपला शब्द सोडू नका. माझी आई म्हणायची, "छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं." कुठल्याही डॉक्टरांना यातून हवं ते कळतं.

आणि लिहून ठेवा. मी वही वगैरे केली नव्हती. स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर दुधाचा हिशोब मांडायची सवय. दुखलं त्या दिवशीच्या चौकोनात, "१ लि." लिहिलेलं असायचं त्याच्या शेजारी, मी "छ" काढायचे आणि वेळ टाकायचे. "छ ४.३०". "छ ५ ला १०". कधी पाणी भरताना दुखलं तर तेही. आठ-नऊ महिन्यांनी एकदा भाचीने सहज पानं उलटली आणि म्हणाली, "मावशी, हे सगळे चार ते साडेपाचमधलेच आहेत." मी रोज लिहीत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

वेळ लिहा. काय करत होता ते लिहा. किती मिनिटं दुखलं, कशाने थांबलं, जेवून किती वेळ झाला होता. श्वास आत घेताना वाढलं का. आडवं पडल्यावर वाढून पुढे वाकून बसल्यावर कमी झालं का, कारण तसं असेल तर हृदयाच्या आवरणाला सूज आलेली असू शकते. एवढं पुरे. निदानाचा निम्मा भाग या माहितीतून होतो, यंत्रातून नाही.

सॉर्बिट्रेट घेतली की बरं वाटतं. म्हणजे हार्टच ना? आणि पित्ताच्या औषधाने बरं वाटलं तर?

दोन्हीवरून काही सिद्ध होत नाही. सॉर्बिट्रेटने अन्ननलिकेचा स्नायूही सैल होतो, त्यामुळे अन्ननलिकेच्या पेटक्यालाही तिने आराम पडतो. आणि हृदयाचं दुखणं आपोआप थांबायच्या वेळीच तुम्ही ओवा-हिंग घेतलं असेल, तर श्रेय ओव्याला जातं.

पित्त खरोखर कारण असू शकतं, हेही लक्षात ठेवा. हृदयाची शंका फिटल्यावर डॉक्टर काही आठवडे, बहुधा आठपर्यंत, आम्ल कमी करणारी गोळी देऊन बघतात. फरक पडला नाही तर एंडोस्कोपी, अन्ननलिकेत किती आम्ल वर येतं ते चोवीस तास मोजणं, अन्ननलिकेच्या स्नायूंचा दाब मोजणारी मॅनोमेट्री, असा क्रम असतो. वर्ष-वर्ष तीच गोळी रिकाम्या पोटी घेत राहणं हा उपचारही नाही आणि तपासणीही नाही. मी सहा महिने घेतली.

बरगडीवर बोट दाबलं की नेमकं तिथेच दुखतं.

बरगडी आणि छातीच्या हाडाला जोडणाऱ्या कूर्चेला सूज आली की असं होतं. तिथे फुगीरपणाही असेल तर त्याला टीट्झे सिंड्रोम म्हणतात, टीट्झे यांनी १९२१ साली त्याचं वर्णन केलं. दाबल्यावर दुखलं की हृदयाची शक्यता कमी होते, संपत नाही. आणि एकाच बाजूला पट्ट्यासारखं जळजळतंय, कपडा लागला तरी सहन होत नाही, असं असेल तर दोन-चार दिवस त्वचेकडे लक्ष ठेवा. नागीण उठायच्या आधी असंच दुखतं.

"टेन्शन आहे, मन शांत ठेवा" असं सांगितलं. मला अपमान झाल्यासारखं वाटलं.

मलाही वाटलं होतं. केबिनबाहेर येऊन बाकावर बसले आणि फाईल मांडीवर घेऊन रडले.

पण दोन गोष्टी वेगळ्या करू या. पॅनिक ॲटॅक खरा असतो, त्यात छातीत खरंच दुखतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. ते निदान झालं तर लाजण्यासारखं काही नाही. मात्र तेही प्रश्न विचारून, लक्षणं बघून करायचं निदान आहे. बाकी काही सापडलं नाही म्हणून उरलेल्या जागी टेन्शन लिहून टाकणं हे निदान नव्हे. २०२१ साली अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी छातीदुखीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत छातीदुखीला "एटिपिकल", म्हणजे नेहमीच्या नमुन्यात न बसणारं, म्हणणं सोडून द्यायला सांगितलं, कारण त्या शब्दाने दुखणं किरकोळ ठरतं. बायकांचं दुखणं त्यात फार वेळा गाडलं जात होतं.

माझ्या बाबतीत टेन्शनच्या शिक्क्याने नुसतं मन दुखावलं नाही. धडधड कमी व्हावी म्हणून मला प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. ते चांगलं औषध आहे, असंख्य लोक घेतात. पण नळीच्या पेटक्यात ते दुखणं वाढवू शकतं. एप्रिलच्या पानावर चार "छ" होते. गोळी सुरू झाल्यावर मेच्या पानावर अकरा.

दुसरं मत घेतलं तर आधीच्या डॉक्टरांना राग येईल.

येऊ दे. दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत तो लिहिलेला आहे आणि महाराष्ट्रात २०२१च्या नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात दिसेल अशी लावायची असते. तुमची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत मिळाली पाहिजेत, हे २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेत आहे. अँजिओग्राफीची फक्त रिपोर्टची प्रत घेऊ नका, सीडी किंवा पेनड्राइव्ह मागा. नवे डॉक्टर चित्रं स्वतःच्या डोळ्यांनी बघतील.

एक चूक मात्र करू नका, मी केली होती. "बघू या, हे स्वतंत्रपणे काय सांगतात" म्हणून मी नंतरच्या एका डॉक्टरांपासून आधीचे रिपोर्ट लपवले. परिणाम एवढाच झाला की त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पैसे गेले आणि तेच उत्तर आलं. सगळं दाखवा. आणि शक्य असेल तर एका डॉक्टरांना, मग ते फॅमिली डॉक्टर का असेनात, सांगा की सगळे कागद शेवटी तुमच्याकडे येतील. माझ्या कागदांना असं एक घर नव्हतं.

अँजिओग्राफी चालू असतानाच बाहेर येऊन "स्टेंट टाकायची आहे, सही करा" म्हणतात.

हार्ट ॲटॅक चालू असेल तर सही करा, तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं. पण दुखणं महिन्यांपासून तसंच असेल आणि तुम्ही चालत आत गेला असाल, तर बहुतेक वेळा विचार करायला सवड असते. "आज नाही टाकली तर काय होईल?" हे विचारता येतं. डावी मुख्य नळी अरुंद असेल तर उत्तर वेगळं येईल. मध्यम अरुंद नळी असेल तर दाब मोजून बघणारी एफएफआर तपासणी केली का, हेही विचारा. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया अभ्यासात पाच हजारांहून जास्त स्थिर रुग्ण होते. आधी औषधं दिलेल्यांत आणि लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास केलेल्यांत मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. दुखणं कमी होण्यात फरक होता, आणि तोही विचारात घ्यायचाच. स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. बिलात स्टेंट वेगळी दाखवलेली असते, ती ओळ वाचा.

घरचे म्हणतात, सगळं नॉर्मल आहे तर हिचं काय चाललंय?

त्यांना दुखणं दिसत नाही, रिपोर्ट दिसतात. माझ्या नवऱ्याचंही तसंच होतं. एकदा पहाटे मी त्यांना उठवलं आणि काही न बोलता त्यांचा हात माझ्या मानेवर ठेवला. घामाने गार पडली होती. त्यानंतर प्रत्येक तपासणीला ते सोबत आले, आणि डॉक्टरांशी बोलताना मी जे विसरायचे ते त्यांनी सांगितलं. सोबत कुणाला तरी न्याच.

शेवटी तुमचं निदान काय झालं?

पुण्यातल्या एका हृदयरोगतज्ज्ञांकडे भाचीने मोबाईलमध्ये कालनिर्णयच्या पानांचे फोटो काढून नेले होते. त्यांनी रिपोर्टांच्या आधी ते पाहिले. बोटाने मोठे करून, एकेक महिना. मग विचारलं, "मे महिन्यात कोणती गोळी सुरू झाली?" तोपर्यंत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

होल्टर, म्हणजे अंगावर लावून घरी न्यायचं इसीजीचं यंत्र, आधी एकदा झालं होतं. चोवीस तासांचं. त्या रात्री दुखलंच नव्हतं, म्हणून नॉर्मल. या वेळी अठ्ठेचाळीस तास लावलं. दुसऱ्या पहाटे चार चाळीसला दुखलं आणि पट्टीवरची रेघ डोंगरासारखी वर गेली. पाच मिनिटांनी पुन्हा सरळ. नळीचा पेटका, व्हॅसोस्पास्टिक अँजायना. प्रोप्रॅनोलॉल त्यांच्या सांगण्यावरून बंद झालं, रात्री झोपताना नळी सैल ठेवणारं डिल्टियाझेम सुरू झालं. तंबाखू हे याचं मोठं कारण असतं म्हणून त्यांनी सिगारेटबरोबर मिश्रीचंही विचारलं. मी लावत नाही, पण तुम्ही लावत असाल तर सांगा, मिश्री म्हणजे तंबाखूच. स्वतःच्या मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नका. हृदयाच्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर त्यानेच त्रास होतो.

आता पुन्हा दुखलं तर काय करता?

वर्षातून तीन-चार वेळा दुखतं, बहुतेक थंडीत. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी बसून जिभेखाली ठेवते, उभ्याने नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. फाईलच्या पहिल्या पानावर, प्लास्टिकच्या खिशात, एकच कागद आहे: निदान, चालू गोळ्या, त्या चार चाळीसच्या पट्टीची झेरॉक्स आणि त्याखाली लाल पेनाने, "प्रोप्रॅनोलॉल देऊ नये."